आम्ही फक्त भिंत बघतो

रंग बनवणाऱ्या एका कंपनीत, तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, एक गृहस्थ दिवसभर परक्यांच्या घरांतून हिंडत असत, आणि तेही खुर्चीवरून न उठता. वय चौसष्ट. डोक्यावर केस नावापुरते, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. सकाळी येऊन बसले की आधी चपला काढून टेबलाखाली नीट जोडून ठेवत. लोकांच्या घरात चपलांसकट शिरणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसातले सगळे त्यांना झाकणकाका म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत, आणि काकाही खुशाल ओ देत.

काम नावाला साजेसंच होतं. कंपनीच्या वेबसाइटवर कोणीही आपल्या खोलीचा फोटो पाठवायचा. कंपनी त्या फोटोतल्या भिंतींना तीन निरनिराळे रंग लावून तो परत पाठवायची. आपली खोली पिवळी बरी दिसेल की निळी, हे डबा उघडण्याआधी कळावं, एवढाच हेतू. पण माणसं भिंतीचा फोटो काढायला जातात आणि भिंतीपुढे काय काय पसरलंय ते विसरतात. उशीशी पडलेल्या औषधाच्या गोळ्या, टेबलावरचं कोर्टाचं पत्र, दोरीवर वाळणारे कपडे, दारामागे चिकटवलेला शाळेचा निकाल, कोपऱ्यात तोंड उघडं टाकून झोपलेली आजी. रंग लावणाऱ्या मुलींच्या पडद्यावर फोटो जाण्याआधी हे सगळं झाकायचं, हे काकांचं काम. समोरचे चेहरे यंत्र आपणहून झाकायचं. पण कपाटाच्या आरशात, टीव्हीच्या काळ्या काचेत, स्टीलच्या पिंपावर फोटो काढणाराच उमटलेला असतो, ते यंत्राला उमगत नसे. काकांना उमगे. आरशांवर त्यांचा विशेष राग होता. आरसा म्हणजे घरातला चहाडखोर, असं ते म्हणत आणि प्रत्येक फोटोत आधी त्यालाच गाठत.

झाकण्याची त्यांची तऱ्हाही जगावेगळी. बाकीचे दोघे झाकणारे करड्या रंगाचा चौकोन टाकून मोकळे होत. काका पत्र झाकायचं तर टेबलाचं लाकूड, त्याच्या रेषांसकट, पत्रावरून पुढे ओढून नेत. कपडे झाकायचे तर मागची भिंत, तिच्यावरच्या उन्हासकट, पुढे आणत. तिथे कधी काही होतं असा संशयसुद्धा येऊ नये. मग झाकलेल्या जागेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ते एक ठिपका देत, पेन्सिलीच्या टोकाएवढा. तो कोणाला दिसत नसे, आणि दिसला तरी भिंतीवरचा डाग वाटे.

हा ठिपका जुन्या नोकरीतून आला होता. सतराव्या वर्षी ते एका फोटो स्टुडिओत लागले आणि पस्तीस वर्षं तिथल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, काचेखाली दिवा लावून, टोकदार पेन्सिलीनं लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग आणि सुरकुत्या मिटवत बसले. कोणतं काम कोणाचं हे मालकाला कळावं म्हणून प्रत्येक कारागिराची एक खूण असे. एकाची आडवी रेघ, एकाची फुली, यांचा ठिपका. लोकांचे रोलही तिथे धुवायला येत, आणि रोल धुणाऱ्याला काय काय दिसतं ते विचारू नका. पण मालकाचा नियम कडक होता: अंधाऱ्या खोलीत पाहिलेलं अंधाऱ्या खोलीतच ठेवायचं. कोण कोणाबरोबर कुठे फिरायला गेलं, कोणाच्या घरी कोण राहून गेलं, सगळं काकांच्या पोटात होतं आणि त्यातलं अक्षर कधी ओठांवर आलं नाही. एक वेळ सोडून. त्या एका वेळेबद्दल सांगायचंच आहे, पण आधी कंपनीचं थोडं पुरं करू.

कंपनीत प्रत्येक फोटोखाली एक बटण असे: पाठवणाऱ्याची माहिती. ते दाबलं की नाव, फोन, पत्ता, सगळं समोर. फोटो अंधूक आला, फोन करून दुसरा मागवायचा आहे, अशा वेळीच ते दाबायचं. कोणी, कधी दाबलं याची नोंद आपोआप व्हायची. फोटो किती वेळ उघडा होता याचीही व्हायची. काकांनी आठ वर्षांत ते बटण दोनदा दाबलं होतं, आणि दोन्ही वेळा आधी नियमबाईंना विचारून.

नियमबाई दुसऱ्या मजल्यावर बसत. लोकांच्या माहितीचं कंपनी काय करते हे सांगणारं वेबसाइटवरचं पान त्यांनी लिहिलेलं. असली पानं कोणी वाचत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, लिहिणाऱ्यांनाही. काका मात्र रोज सकाळी चपला काढल्या की ते वाचत. पहिल्या खेपेचं पान इतकं अवघड होतं की मध्यावर येईतो डुलकी लागावी. काका त्याचा कागद घेऊन खाली गेले होते.

"बाई, यात लिहिलंय ते सगळं खरं आहे ना?"

"शब्द न् शब्द खरा आहे."

"मग एवढं घाबरत घाबरत का लिहिलंय?"

बाई आधी फणकारल्या, मग हसल्या, आणि मग दोघांनी बसून पान नव्यानं लिहिलं. त्यात काकांचं एक वाक्य जसंच्या तसं राहिलं: तुमच्या खोलीत आम्ही फक्त भिंत बघतो. त्याखाली होतं, की फोटो तीस दिवसांनी कायमचा पुसला जाईल. आणखी खाली होतं, की तुमचं काय काय, कोणी, किती वेळ पाहिलं हे तुम्ही कधीही विचारा. विचारलंत तर आम्हाला सांगावंच लागेल. ते कलम आठ वर्षांत कोणीही वापरलं नव्हतं.

संध्याकाळी काका घरी आले की काकू विचारत, "आज किती घरं पालथी घातलीत?"

"चाळीस."

"कोणी चहा विचारला?"

"अगं, कोणी बससुद्धा म्हटलं नाही."

एवढ्यावर दोघं हसत आणि जेवायला बसत. कोणाच्या घरात काय होतं हे काकूंनी कधी विचारलं नाही आणि काकांनी कधी सांगितलं नाही. त्या घरात न विचारलेलं, न सांगितलेलं एवढं होतं की त्यात आणखी थोड्याची सहज सोय होऊन जाई.

आता ती एक वेळ.

काकांना एकच मुलगी. लहानपणी शाळा सुटली की ती स्टुडिओत येऊन बसे. बसायला एक तीन पायांचं लाकडी स्टूल होतं, एक पाय काकांनी दुसऱ्याच लाकडाचा बसवलेला, म्हणून दोन पाय काळपट आणि एक फिकट. त्यावर बसून ती वाळत टाकलेल्या फोटोंतून बापाचा ठिपका शोधे. "बाबा, सापडला!" म्हणून ओरडे. कोणाला न दिसणारा ठिपका तिला क्षणात दिसे. स्टुडिओनं नवी खुर्ची आणली तेव्हा काकांनी ते स्टूल मागून घरी आणलं.

मुलगी चोवीस वर्षांची झाली, नोकरीला लागली. एके दिवशी धुवायला आलेल्या रोलच्या पाकिटांत तिचं पाकीट होतं. तिनंच, समोर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाकडे देऊन पावती घेतलेली. रोल धुतला, आणि लाल दिव्याखाली कागदावर हळूहळू चित्र वर आलं. एका बाकावर ती बसली आहे, डोळे मिटून हसते आहे; शेजारी एक माणूस, तिच्याहून चांगला बारा-पंधरा वर्षांनी मोठा, वाकून एका लहान मुलीच्या बुटाची नाडी बांधतो आहे. त्या मुलीला आई नसावी हे काकांना का कोण जाणे, बघताक्षणीच कळलं.

दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर काकांनी फोटो वाळवून पाकिटात घातले असते आणि विसरले असते. पण त्या दिवशी त्यांचं डोकंच फिरलं. फोटो सदऱ्याच्या आत पोटाशी धरून घरी आणला, जेवणाची पानं वाढलेली होती, तिच्या ताटात तो पालथा ठेवला आणि म्हणाले, "हे काय ते तुझ्या आईला सांग."

मुलीनं फोटो उलटा केला. रडली नाही, भांडली नाही.

"आईला मी रविवारी सांगणार होते," ती म्हणाली. "बाबा, गावात चार स्टुडिओ आहेत. मी रोल तुमच्याकडे दिला, कारण तुमच्या हातून कोणाचं काही बाहेर जात नाही, असं तुम्ही सांगत आलात. सगळ्यांचं पोटात राहिलं तुमच्या. माझंच तेवढं राहिलं नाही."

त्यावर काका जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलायला नको होतं, एवढं खरं. तिसऱ्या दिवशी ती गेली. एक बॅग घेतली आणि ते स्टूल घेतलं. माणूस घर सोडताना स्टूल कशाला नेईल? पण तिनं नेलं, काखेत मारून. वर्षभरात काकूंना तिचा एकदा फोन आला, बरी आहे म्हणाली, लग्न केलं म्हणाली. मग तो नंबर लागेनासा झाला. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. मुलीचं घर कुठे आहे, ती आहे कशी, हे कळावं म्हणून काकूंचा जीव तुटे, आणि तो कोणामुळे तुटतो हे त्यांनी काकांना एकदाही बोलून दाखवलं नाही. ते न बोलणं काकांनी एकोणीस वर्षं सोसलं.

एका सोमवारी, दुपारच्या जेवणानंतर, काकांनी दिवसातला एकविसावा फोटो उघडला.

दुपारची ती वेळ त्यांची आवडती. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज, खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलेलं, आणि समोर एकामागून एक उघडणारी घरं. अशा वेळी त्यांना आपण खरंच आत शिरलोय असं वाटे. पायांना फरशी गार लागे. कुठे ओल्या कपड्यांचा वास येई, कुठे नुकत्याच निजलेल्या मुलाचा. एकेका घरात उन्हाची तिरीप अशी पडलेली असे की ती बघत तिथेच बसावं, कोणी हाक मारेपर्यंत उठू नये.

हे घर तसलंच होतं. एका बाजूची लांब भिंत, रंग उडालेली. तिच्यावर खिडकीचं ऊन, खिडकीबाहेर हलणाऱ्या कुठल्याशा पानांच्या सावल्यांसकट. काका सवयीनं आरसा शोधायला लागले. आरसा कपाटाला होता, उजवीकडे. आरशाखाली एक स्टूल होतं. तीन पायांचं. दोन पाय काळपट, एक फिकट.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

आरशात फोटो काढणारी अर्धीच दिसत होती. हातातल्या फोनमागे चेहरा गेलेला. दिसत होता एक कोपर, मानेचा थोडा भाग, एक कान आणि कानामागे सारलेले केस. केसांत बऱ्याच पांढऱ्या रेघा होत्या. पण कान? पोरीचे कान बापावर गेले म्हणून ती लहानपणी रुसायची, तो कान काकांनी कुठेही ओळखला असता.

फोटोखाली बटण होतं. पाठवणाऱ्याची माहिती. एक बोट टेकवायचं, बस. एकोणीस वर्षं जे कुठेच सापडलं नाही ते बोटभर अंतरावर होतं: रस्ता, घराचा नंबर, फोन. घरी जाऊन काकूंच्या हातात नुसता कागद ठेवायचा. त्या काय म्हणतील, कशा उठतील, कोणती साडी नेसतील, तेसुद्धा काकांच्या डोळ्यांपुढे आलं. नोंद होईल, होऊ दे. नोकरी जाईल, गेली तर गेली, चौसष्टाव्या वर्षी काय राहिलंय नोकरीचं?

काकांचं बोट बटणावर होतं. आणि त्यांना ताट दिसलं. ताटातला पालथा फोटो.

तिनं हा फोटो भिंतीसाठी पाठवला होता. बापासाठी नाही.

त्यांनी बोट मागे घेतलं. ओळखीचं घर आलं तर फोटो दुसऱ्या झाकणाऱ्याकडे द्यायचा, असाही कंपनीचा नियम होता. पण शेजारी बसणारा करडा चौकोन टाकणार, हे काकांना बघवलं नसतं. म्हणून तो नियम त्यांनी मोडला. ते झाकायला बसले. टेबलावरच्या पाकिटावर कोणाचंतरी नाव दिसत होतं, ते न वाचता, डोळे बारीक करून झाकलं. भिंतीवर एक फ्रेम होती, तिच्यातली माणसं यंत्रानं आधीच झाकली होती. राहिला आरसा. आरशात समोरची भिंत थोडी दिसत होती. ती त्यांनी तसूतसूनं पुढे ओढली, आधी कोपरावरून, मग मानेवरून. कानाशी येऊन हात थांबला. पोरीला आपल्या हातानं पुसायचं होतं. एरवी सहा मिनिटांचं काम, पण ऊन टेबलावरून सरकून भिंतीला लागलं तरी ते तिथेच होते. शेवटी कान गेला. आरशात नुसती रिकामी खोली राहिली. काकांनी डाव्या खालच्या कोपऱ्यात ठिपका दिला आणि फोटो पुढे सोडला. त्या दिवशी मग दुसरं घर त्यांनी उघडलं नाही.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "आज किती घरं पालथी घातलीत?"

"वीस," काका म्हणाले.

"बरी कमी झाली. कोणी चहा विचारला?"

काकांनी भात तसाच सोडून ताट बाजूला सारलं. काकूंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, पाठीवरून हात फिरवला, आणि दुपारचं जेवण उन्हात ठेवू नका म्हणून बजावलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी काका मूग गिळून बसत. एका शब्दानं या बाईचं एकोणीस वर्षांचं दुखणं हलकं होईल, हे त्यांना ठाऊक होतं. तो शब्द आपल्या मालकीचा नाही, हेही ठाऊक होतं. एकेका रात्री एवढं तरी सांगावं वाटे, की भिंतीवर छान ऊन येतं तिच्या. तेवढंसुद्धा त्यांनी सांगितलं नाही.

ऑफिसात यादीमध्ये त्या फोटोपुढे आकडा होता. रोज एकानं कमी होई: एकोणतीस दिवस राहिले, अठ्ठावीस राहिले. काका फोटो पुन्हा उघडत नसत, काम संपलं होतं. नुसता आकडा बघत. जेवणानंतर खुर्चीतच डोळा लागला की मात्र ते अनवाणी त्या खोलीत जात. पानांच्या सावल्या भिंतीवर हलत असत. काका आरशावर भिंत ओढत, ओढत, आणि भिंत पुरत नसे. कितीही ओढली तरी कानाएवढी जागा उरे. पलीकडून कोणी लहान मूल ओरडे, "सापडला!" आणि शेजारचा झाकणारा हाक मारे, "काका, साहेब आलेत." मग ते चष्मा सारखा करून पुढचं घर उघडत.

सतराव्या दिवशी नियमबाई स्वतः वर आल्या. हातात कागद होता.

"काका, आपलं ते कलम आठवतं? कोणी, किती वेळ पाहिलं ते विचारा म्हणून? आज पहिल्यांदा कोणीतरी विचारलंय. फोटो तुमच्याकडचा आहे. बाकी सगळं ठीक दिसतंय, पण सत्तेचाळीस मिनिटं? एवढं काय झाकत होतात?"

काकांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "बाई, ते घर माझ्या ओळखीचं होतं. मी ते सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

"ओळखीचं म्हणजे? कोणाचं?"

"माझ्या मुलीचं असावं. स्टुलावरून ओळखलं."

नियमबाई रागावल्या. रागावायलाच हव्या होत्या. नियम लिहिताना शेजारी बसून चहा प्यालात, आणि मोडलात तोही तुम्हीच, असं बरंच बोलल्या. मग बोलता बोलता काकांच्या मुलीबद्दल कधी ऐकलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. काकांनी थोडक्यात सांगितलं. ताटाचंही सांगितलं.

"पत्ता उघडला नाहीत?" बाईंनी कागदाकडे पाहिलं. नोंद समोरच होती.

"नाही."

"तिला कसं कळलं असेल?"

काकांनी ठिपक्याबद्दल काहीच सांगितलं नाही. ठिपका द्यायची सवय हातालाच होती. त्यातून कोणाला काही कळावं असा बेत त्यांचा नव्हता. "उत्तरात मी एक ओळ लिहू?" त्यांनी विचारलं.

"नाही," नियमबाई म्हणाल्या. "उत्तर कंपनीचं आहे. तुमचं नाही. जे घडलं तेवढंच जाईल. तुम्ही लपवलंत तेही जाईल."

गेलेलं उत्तर बाईंनी काकांना वाचून दाखवलं. असं होतं ते: फोटो पाहणारे, रंग लावण्याआधी, एक. वेळ, सत्तेचाळीस मिनिटं. पाठवणाऱ्याचं नाव, पाहिलं नाही. फोन, पाहिला नाही. पत्ता, पाहिला नाही. फोटोची दुसरी प्रत, काढली नाही. पाहणाऱ्याने घर ओळखलं होतं. ते त्याने कंपनीला त्या वेळी सांगितलं नाही, विचारल्यावर सांगितलं. बाहेर कोणालाही सांगितल्याचं आढळलं नाही.

काकांनी मान हलवली. खरं होतं सगळं.

त्यानंतर काही आलं नाही. दिवस उतरत गेले: पाच, चार, दोन. तिसाव्या दिवशी सकाळी काका चपला न काढताच यादीपाशी गेले. फोटोची ओळ नव्हती. वरच्या ओळीखाली खालची ओळ येऊन बसली होती. त्या दिवशी काकांनी एकोणचाळीस घरं झाकली आणि एकाही घरात त्यांचं मन लागलं नाही. आपणच लिहिलेल्या पानाचा त्यांना पहिल्यांदा राग आला. झालं ते बरं झालं, पोरीनं विचारलं तरी, अशी मनाची समजूत घालत ते घरी गेले. ती समजूत काही पटेना.

अडतिसाव्या दिवशी, दुपारच्याच वेळी, नियमबाईंनी त्यांना खाली बोलावलं. त्यांच्या पडद्यावर एक फोटो उघडा होता. तेच घर, तीच भिंत, ऊन थोडं अलीकडे आलेलं. फोटोबरोबर भरायच्या कागदात 'काय झाकायचं?' असा प्रश्न असे. त्यापुढे लिहिलं होतं: काही नाही.

आरसा होता तिथेच होता. आरशात ती होती. फोन खाली घेऊन छातीशी धरलेला, चेहरा सगळा उघडा. त्रेचाळीस वर्षांची बाई. आरशाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात काळ्या शाईचा एक ठिपका काढलेला होता, चांगला वाटाण्याएवढा.

काकांना चष्म्यातून काही दिसेना.

"अजून आहे," नियमबाई म्हणाल्या. "हा फोटो आणखी कोणाला दाखवता येईल, या रकान्यात आपल्याकडे लोक 'कोणालाही नाही' लिहितात. हिनं काय लिहिलंय ऐका. 'माझ्या आईला. आधीचा फोटो ज्यांनी झाकला त्यांनीच न्यावा. पत्ताही आईला द्यावा.'"

बाईंनी फोटो छापला. एका चिठ्ठीवर पत्ता लिहिला, घडी केली, दोन्ही पाकिटात घालून पाकीट चिकटवलं, आणि वर काकूंच्या नावानं लिहिलं. काकांची सही घेतली. "परवानगी तेवढ्यापुरतीच आहे," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "आज लवकर निघा."

काका ते पाकीट हातात धरून घरी चालत गेले. सदऱ्याच्या आत घातलं नाही. वाटेत ओळखीचे दोघं भेटले, त्यांच्याशी हवापाण्याचं बोलले, आणि पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले.

काकू पाटावर बसून धान्य निवडत होत्या. "आज लवकरसे? घरं संपली की काय गावातली?"

काकांनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. काकूंनी ते फोडलं. फोटो बाहेर आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि उठून खिडकीपाशी उजेडात नेला.

"हिचे केस पांढरे झाले की हो," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि रडल्या. काका दारातच उभे होते.

बऱ्याच वेळानं काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"अडतीस दिवस."

"रोज माझ्यासमोर बसून जेवत होतात."

"हो."

"आणि तोंडातून शब्द काढला नाहीत?"

"तिनं सांगितलं नव्हतं सांगायला."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षं जे बोलल्या नव्हत्या ते शांतपणे बोलल्या, "एवढं त्या दिवशी जमलं असतं तुम्हाला, तर?"

काका खाली बसले, फरशीवरच, आणि तोंड ओंजळीत घेऊन रडले. काकूंनी त्यांना उठवलं नाही, आणि थांबवलंही नाही. निवडायचं धान्य तसंच पडलं होतं. पाकिटात हात घालून त्यांनी चिठ्ठी काढली, उलगडली, वाचली, पुन्हा वाचली.

"इथून किती लांब असेल हो हे?"

"मला कुठे माहीत? मी वाचलेलं नाही."

"अजून वाचलं नाहीत?"

"पाकिटावर तुझं नाव आहे."

काकू त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. "घ्या. मी सांगतेय. वाचा."

काकांनी चिठ्ठी हातात घेतली, पण चष्मा ओला होता, अक्षरं एकमेकांत मिसळत होती. मग काकूंनीच ती परत घेतली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आधी मुलीचं नाव, मग घराचा नंबर, मग रस्ता. काका डोळे मिटून ऐकत होते.